नर वेगळा ठेवावा

पिसोरी हरणाची जातच अशी, की पिल्लू अजून ओलं असतं आणि नर पुन्हा मादीच्या मागे लागतो. सशापेक्षा थोडा मोठा जीव, पण बाराही महिने गाभण. आमच्या प्रजनन केंद्राला वर्षाअखेर पिल्लांचा आकडा वर कळवायचा असतो, म्हणून इतकी वर्षं मीही काणाडोळा केला. काल मात्र सात नंबरची मादी व्यायली आणि उठेचना. नुसता हाडांचा सापळा.

मी कागदावर लिहिलं, 'मादी अशक्त. नर सहा महिने वेगळा ठेवावा.' खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद पिंजऱ्याच्या दाराला चिकटवला.

झाडलोट करणाऱ्या बाईंनी तो दोनदा वाचला. चौथ्या बाळंतपणानंतर त्या सोमवारीच कामावर आल्या होत्या. अजून भिंतीला धरून उठत होत्या.

"आणि नरानं ऐकलं नाही तर?"

"त्याला विचारतंय कोण? डॉक्टरचा शिक्का आहे."

आज सकाळी नर पलीकडच्या पिंजऱ्यात मुकाट बसला होता, पण दारावरचा कागद गायब होता.

"बाई, कागद कुठे गेला?"

त्यांनी ॲप्रनच्या खिशातून घडी काढली, उलगडली आणि तळहातानं दाबत पुन्हा दाराला लावली.

"घरी नेला होता. ह्यांना दाखवला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे शिक्का चालत नाही, डॉक्टर."