पाण्याचा अंदाज

सायकली तीन, पैकी एकीच्या मागल्या चाकात हवा नाही. धोतर एक, कोरडं. शर्ट एक; त्याच्या घडीत चष्मा, काचा शाबूत. चपलांचा जोड एक. पितळी डबा एक. आत दीड भाकरी आणि शेंगाचटणी. सोललेल्या उसाचं कांडं एक, त्यावर मुंग्या.

सिद्धारामने एवढं लिहिलं आणि टाक दौतीत बुडवला. मुंग्या किती, हे कुणी विचारलं नव्हतं.

कालव्याच्या भरावावर, बाभळीखाली, गावचे पोलीस पाटील घोंगडं टाकून बसले होते. वही लिहिणारे कुलकर्णी कामाला अकलूजला गेलेले. ‘तुमी शिकलेली मानसं, तुमीच लिवा,’ म्हणून पाटलांनी पंचनाम्याची वही त्याच्यापुढे सरकवली होती. सिद्धाराम त्याच वर्षी पुण्याहून बी.एस्सी. होऊन सोलापूरला परतला होता. अक्षर चांगलं होतं. वर तारीख घातली होती, ९ डिसेंबर १९३४.

दहा हातांवर वेणीमाधव आडवा होता. अंगावर चादर. नंदू उशाशी बसून माश्या वारत होता. तिघे मित्र चार दिवसांपूर्वी सोलापुराहून सायकलींवर निघाले होते. आधी भीमेच्या काठाने, मग नीरेच्या कालव्याच्या भरावावरून.

“ठिकान लिवा,” पाटील म्हणाले. “कालव्याचं पानी जितं खाली पडतं, तितनं पाच हात म्होरं. भाईर काढनार येडू धनगर, ह्योच पंच. पानी पुरुषभर.”

“पुरुषभर म्हणजे किती?”

“म्हंजी मानूस बुडंल इतकं. समद्यांचं तसंच लिवतो मी. कालवा आल्यापासनं ह्या वहीत हे चौथं.”

सिद्धारामने खोलीची जागा कोरी सोडली.

“आन् आता लिवा, पान्याचा अंदाज न आल्यानं बुडून मयत.”

टाक हलला नाही.

“अंदाज नव्हता,” सिद्धाराम म्हणाला. “मोजलं होतं. मी मोजलं होतं.”

येडू काठीवर हनुवटी टेकून उभा होता. “कुटं मोजलं?”

“वर. पुलापाशी.”

“वर मोजलं आन् खाली उतरलासा? आवं, माझी मेंढरंबी हितं पान्याला तोंड लावत न्हाईत. पानी आपटून आपटून खड्डा पडलाय की खाली.”

“खाली पाणी हलत होतं. आकडा नीट आला नसता.”

तोंडी परीक्षेत द्यावं तसं उत्तर त्याने दिलं. वर पाणी संथ होतं, म्हणून तिथे ऊस बुडवून त्याने माप घेतलं होतं. तीन फूट सात इंच. वेणीमाधवाला पोहता येत नव्हतं. त्याने दोनदा विचारून घेतलं होतं. मग सिद्धारामच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, “आमची फूटपट्टी सांगतेय ना? मग उतरू की!” आणि चष्मा काढून शर्टात गुंडाळला होता. आंघोळीला त्याला पडत्या पाण्याखालीच जायचं होतं.

नंदू उठून आला. वहीत पाहून हळूच म्हणाला, “सिद्ध्या, अंदाज लिही.”

“का?”

“वेण्याचे अप्पा वाचणार आहेत हे. मास्तर माणूस, शब्द न् शब्द वाचतील. वेण्याला आकडा कुणी सांगितला, हे तू लिहून देणार त्यांना? त्या घरात तुझं पान आमच्या पंगतीत मांडतात रे. वेण्या भांडला होता त्यासाठी. पुन्हा पायरी चढू देतील तुला?”

“नाही देणार.”

“मग?”

सिद्धारामने टाक दौतीच्या काठावर निथळला. आपल्या आत काही होतंय का, हे त्याने पाहिलं. टाक जरा जड लागत होता, एवढंच.

“पाव्हनं,” पाटील म्हणाले, “अंदाज लिवल्यानं कुनाचं काय जातंय? तितं गाडी जुंपून हुबी हाय. दिस कलला.”

सिद्धारामने टाक पुन्हा बुडवला आणि एका दमात लिहिलं:

‘मयतास पोहता येत नव्हते. पाणी तीन फूट सात इंच आहे, असे सिद्धाराम मल्लप्पा बिराजदार, बी.एस्सी., याने त्यास मोजून सांगितले होते. ते माप दुसऱ्या जागेचे होते.’

नंदूने उभ्या उभ्या वाचलं. परत जाऊन तो माश्या वारू लागला.

“झालं का?” पाटील.

“खोली राहिली.”

मेंढरांसाठी शेंगा पाडायची येडूची लांब बांबूची आकडी बाभळीला टेकवलेली होती. ती मागून घेऊन सिद्धाराम भरावावरून खाली उतरला. काठावर ओणवा होऊन त्याने बांबू सरळ खाली सोडला. तळ लागेपर्यंत बराच गेला. बाहेर काढून ओली बाजू त्याने खिशातल्या कापडी फितीने मोजली, बांबू पुसला, पुन्हा सोडला.

“किती येळा बुडिवतासा?” येडूने विचारलं.

“तीनदा.”

“का?”

“तसंच शिकवलंय.”

“सकाळी किती येळा बुडिवलं हुतं?”

“तेव्हाही तीनदा.”

येडूने मान वळवून मेंढरांकडे पाहिलं. वरून पाणी पडत होतं. बांबू हातात थरथरत होता. पहिल्यांदा अकरा फूट एक इंच. मग अकरा फूट तीन. मग अकरा फूट दोन.

भरावावर येऊन त्याने हात धोतराला पुसले आणि वहीतल्या कोऱ्या जागेत सरासरी लिहिली.

अकरा फूट दोन इंच.