रिकामी जागा

फोटो ही कला आहे, हे मासिकात वाचल्यापासून त्रिंबकराव फोटोग्राफरांनी सांगलीतली गिऱ्हाइकं हैराण करून सोडली होती. माणूस मधोमध नको, शेजारची रिकामी जागा चित्राचा तोल सांभाळते, असं म्हणत ते प्रत्येकाला कोचाच्या कडेला बसवत. त्यांचं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात जाईपर्यंत गिऱ्हाईक सरकून मधे आलेलं असे. फोटो रंगवणं म्हणजे तर कलेचा खून, म्हणून रंगांची पेटीही त्यांनी माळ्यावर टाकली होती.

मामलेदार नारोपंत मात्र न सांगताच कडेला टेकले आणि तसूभरही हलले नाहीत. त्रिंबकरावांना भरून आलं. तो फोटो पुण्याच्या प्रदर्शनात पहिला आला.

पदक मिरवत ते फोटो द्यायला गेले. “या रिकाम्या जागेलाच बक्षीस मिळालं, रावसाहेब.”

“मुद्दामच सोडली होती,” नारोपंत म्हणाले. “आता तिथे आमच्या हिला रंगवा. पौषात गेली.”

“त्यांचा एखादा फोटो?”

“काढायचा राहिला.” नारोपंतांनी खिशातून नथ काढून पुढे ठेवली. “ही तिच्या नाकात असायची. बाकीचं मी सांगतो.”

त्रिंबकराव घरी जाऊन माळ्यावरची पेटी घेऊन आले.

“गोऱ्या होत्या की सावळ्या?” त्यांनी विचारलं.