सातचा फोन

"हा आता काढून नेतो मी," लेस्टर म्हणाला आणि त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

एल्वा मावशीच्या स्वयंपाकघरातला तो लाल फोन. गावात कुठेही आग लागली की लोक इथेच फोन करायचे. मावशी शेजारचं बटण दाबायची, धक्क्यावर भोंगा वाजायचा, आणि समुद्रावर न गेलेले सगळे गडी बंबाकडे धावायचे. पगार एक सेंटही नाही. वर आग विझवून माणसं परत येईपर्यंत हिचं सूप तयार, आणि ज्यांचं घर जळलं त्यांच्यासाठी गोधड्याही.

आज तिच्या दफनानंतर बंबाच्या शेडमध्ये जेवण झालं. "नव्वदी उलटली, पण फोन सोडला नाही बाईने!" जो तो हेच म्हणत होता. आणि बंबाचा प्रमुख लेस्टर मात्र हातात सँडविच धरून खाली बघत होता.

कारण आगीचे फोन केव्हाच जिल्ह्याच्या केंद्राकडे गेले होते. ते मावशीला सांगायला तो आला होता खरा. पण तिने फोन असा काही पुसून लखलखीत ठेवला होता, की याची जीभच उचलेना. "तारा जुन्या झाल्यात मावशी, रोज सातला तपासणीचा फोन करावा लागेल," असं काहीतरी ठोकून दिलं त्याने. आणि मग वर्षानुवर्षं करत राहिला.

म्हातारीला तेवढाच विरंगुळा, असं तो मनाशी म्हणायचा. ती "लाइन ठीक" म्हणायची आणि मग सुरू व्हायची. आज काय जेवलास? नुसता टोस्ट? अरे, माणूस आहेस की चिमणी? रक्तदाबाची गोळी घेतलीस का? तिच्याशी आणखी खोटं बोलवत नसे, म्हणून बिचारा सातच्या आधी बटाटे उकडायचा, मासा तळायचा. पुन्हा कधी काय विचारेल, नेम नाही!

आता हॅलिफॅक्स शहरातून मावशीची मुलगी आली होती, फिलिस. लेस्टरच्या बरोबरीची, लहानपणी एका बाकावर बसलेली. तिने या फोनची चौकशी केली की संपलं. म्हातारीला खुळ्यात काढलं, असं गाव म्हणणार. मावशीचं हसं होणार. तेवढं मात्र त्याला सोसवलं नसतं.

"राहू दे रे तो," फिलिस म्हणाली.

"बंबाची मालमत्ता आहे. नियम आहे."

"मेला नियम! बस आधी. सूप गरम करते."

"भूक नाही मला."

"दुपारी ते सँडविच नुसतं धरून बसला होतास. डोळे आहेत मला."

पहिला स्क्रू निघाला. दुसरा काही केल्या सुटेना.

"किती राग राग केलाय मी या फोनचा," फिलिस पातेलं ढवळत म्हणाली. "आईचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा हात जोडले तिला, चल माझ्याकडे. नाही आली. नाताळातसुद्धा सातच्या आत घरी. वाटायचं, या गावाने माझी आई हिरावून घेतली."

हा विचार इतक्या वर्षांत लेस्टरच्या मनाला शिवला नव्हता. त्याच्या एका थापेपायी आई लेकीकडे गेली नव्हती. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"फिलिस, हा फोन..."

"केंद्राकडे गेला. ठाऊक आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. गेला त्याच आठवड्यात. तिच्यापासून या गावात काही लपतं होय रे?"

लेस्टर खुर्चीवर बसला. "मग रोज संध्याकाळी ती..."

फिलिसने सुपाचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"भांडले मी तिच्याशी. म्हटलं, आता कशाला अडकून पडतेस? तर म्हणाली, 'बायको गेल्यापासून लेस्टर कुणी विचारल्याशिवाय जेवत नाही गं. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस हं, नाहीतर फोन करायचा थांबेल.'"