काळ्या टायची रिहर्सल

९३ साली बर्मिंगहॅमच्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवर शशिधर नुकताच बातम्या वाचायला लागला होता. एका सकाळी प्रोड्यूसरनं त्याच्या गळ्यात दुखवट्याचा काळा टाय अडकवला आणि हातात कागद दिला. इंग्लंडची राणी गेली! शशिधर हादरलाच. त्यानं कसंबसं वाचलं.

"लव्हली," प्रोड्यूसर म्हणाला. "माइक बंद होता. नव्या माणसाची रिहर्सल आम्ही अशीच घेतो."

शशिधर तडक हॉस्पिटलात, त्याच्या मित्राकडे, जयंतकडे गेला. दुसऱ्या दिवशी जयंतचं हार्टचं ऑपरेशन होतं. किस्सा ऐकून जयंत खो खो हसला.

"आई म्हणते, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. राणीची शंभरी नक्की, लेका!" मग त्याचं हसू थांबलं. "शशा, माझी पण वाच ना."

"वेडा आहेस का?"

"वाच रे. टाय आहेच की गळ्यात."

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचा मित्र जयंत..." शशिधरनं टायची गाठ सैल केली.

"पूर्ण कर. नाहीतर आयुष्य अर्धंच वाढेल."

त्यानं पूर्ण केलं. मग टाय ओढून काढला आणि जयंतच्या उशीखाली कोंबला.

"खोटी वाचली. खरी मी वाचणार नाही, जया. प्रॉमिस."