बारीक गोळ्या

आल्फ आजोबांची म्हातारी रायफल जो नीट चालवेल त्याची, असं ठरलं होतं. काडतुसं मात्र ज्याची त्यानं घरी भरून आणायची. नात केरिननं नळीचं खरं माप कळावं म्हणून तिच्यातून शिशाचा मऊ तुकडा ठोकून काढला, त्याची जाडी मोजली आणि झिजून रुंदावलेल्या त्या नळीत घट्ट बसतील अशा जाड गोळ्या आपल्या काडतुसांत भरल्या.

डॅरिलकाका खो खो हसला. "अगं बये, रायफल आहे ती, बोटातली अंगठी नाही! माप कोरलंय की तिच्यावर. तुम्हा पोरींचं सगळं शिवणकामच!"

नेमबाजीचा पहिला मान अर्थातच स्वतःला सर्वज्ञ समजणाऱ्या काकाचा. कोरलेल्या मापाच्या त्याच्या बारीक गोळ्या नळीतून गडबडा लोळतच निघाल्या. दोन गोळ्या निशाणाच्या पुठ्ठ्यात आडव्या घुसल्या, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यांनी धूम ठोकली.

"गोळ्या सैल होतायत का रे?" थर्मासचं झाकण लावत आजोबांनी विचारलं.

"छे! नळीच मेलीय!" काकानं रायफल केरिनच्या हातात कोंबली. "भंगार नुसतं! फुकट दिलीत तरी मला नको. हिलाच द्या, टोमॅटोच्या वेलाला आधार होईल. चल गं, मार आता, आम्हालाही हसू दे."

"कशाला काका? तू म्हणतोयस म्हणजे भंगारच असणार. आजोबा, ऐकलंत ना? त्याला नको, हिलाच द्या म्हणाला."



आणि आजोबांनी हसून मान डोलावताच, खिशातलं एकही काडतूस बाहेर न काढता केरिननं आपली रायफल गाडीत ठेवून कुलूप लावलं.