पुढच्या सोमवारची दाढ

दाढ निघाली.

हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरून चालू, कारण या क्षणी दाढ मावशीच्या तोंडात आहे, मावशी दंत महाविद्यालयाच्या खुर्चीत आडवी आहे, आणि तिथेच शिकणारा तिचा भाचा उगाचच दिव्याचा कोन बदलतोय.

वर्गात भाच्याचं नाव पडलं होतं ‘पुढचा सोमवार’. दाढ काढायची वेळ आली की त्याच्या तोंडून तेवढंच निघायचं. आज हिरडी सुजलीये, पुढच्या सोमवारी. आज पकड नाराज वाटतेय, पुढच्या सोमवारी. मावशीही काही कमी नव्हती. “बरं झालं बाई, माझीही तयारी नव्हती,” म्हणत टुणकन खुर्चीवरून उतरायची. असं गुण्यागोविंदानं अख्खं सत्र सरलं.

आज सोमवार संपले होते. संध्याकाळच्या आत स्वतःच्या हातानं एक दाढ काढली नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्ष पाण्यात. बाकीचे रुग्ण इतरांनी कधीच वाटून घेतले होते. त्याच्या वाट्याला उरली होती मावशीची ही एकच हलती दाढ.

भुलीचं इंजेक्शन त्यानं कसंबसं दिलं. ट्रेमधली पकड चकाकत होती आणि तिच्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, लांबट, रुग्णासारखा. मूळ आतच मोडलं तर? रक्त थांबलंच नाही तर? मावशीला धीर द्यावा म्हटलं, तर त्याचीच दातखीळ बसलेली.

“बाळा,” मावशी म्हणाली, “तुझा हात कापतोय की माझं डोकं?”

“दोन्ही.”

“मग पुढच्या सोमवारी...”

“नाही.”

हा शब्द कुठून आला ते त्यालाही कळलं नाही. पण तो बाहेर पडला आणि हात थांबला. दगडासारखा स्थिर. त्यानं पकड उचलली. सत्रभर त्याच्या पाठीमागे उभं राहून सुस्कारे टाकणाऱ्या मॅडम चकित होऊन पुढे सरकल्या.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. “एक चूळ भरते,” ती घाईघाईनं म्हणाली. “एकच. मग तू आणि तुझं नशीब.”

तिनं चूळ भरली, होता होईल तेवढा वेळ खळखळवली, आणि थुंकली. खुर्चीशेजारच्या भांड्यात टिंग असं वाजलं.

तिघांनी वाकून पाहिलं. वाट पाहून पाहून दाढच कंटाळली असावी.

“कुणी काढली ही?” मॅडमनी विचारलं.

तो काही बोलणार, तोच मावशी अर्ध्या बधिर ओठांनी अभिमानानं म्हणाली, “पोरानं हातसुद्धा नाही लावला हो. असा डॉक्टर शोधून सापडायचा नाही.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “मग ही तुझी धरता येणार नाही. दुसरी एखादी हलतेय का बघ.”

मावशीनं तोंड मिटलं, त्यावर एक हात ठेवला, आणि त्या हातावर दुसरा.

त्यानं दाढ उचलली, धुतली, कापसावर ठेवली आणि मॅडमसमोर ताठ उभा राहिला. पकड अजून हातात होती. हात अजूनही कापत नव्हता, आणि त्याला आता त्या न कापण्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

“महोदया,” तो म्हणाला, “सदर दाढ रुग्णाच्या जबड्यात मूळ जागी पुन्हा बसवण्याचे आदेश व्हावेत, म्हणजे अर्जदारास ती काढता येईल. काम आजच व्हावे, ही नम्र विनंती.”