कल्हईवाल्याची मुलगी

२००६च्या जुलैत, गव्हाची कापणी उरकल्यावर, गावाबाहेरच्या वळणावरचा खंदक उकरायचं ठरलं आणि ब्याण्णव वर्षांच्या कासिल्दाने जेवण सोडलं.

लष्कराने उठाव केला त्या छत्तीसच्या उन्हाळ्यात गोळ्या घातलेली माणसं त्या खंदकात पुरली होती. कासिल्दाचा नवरा एलादियो त्यांच्यातच होता, याबद्दल आमच्या गावात कुणाला शंका नव्हती. दर वर्षी मृतांच्या दिवशी कासिल्दा तिथे शेवंती ठेवायची. उठावानंतर आलेल्या हुकूमशाहीत तसं करणं म्हणजे जिवाशी खेळ. पोलीस हाकलून लावायचे, ती शेतातून वळसा घालून परत यायची.

"खणू नका," ती मुलाला म्हणाली. "झोपलेत ते, झोपू दे."

"आई, मी मरायच्या आत बाबांना आपल्या कबरीत आणायचंय."

मार्सियाल तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. बाप गेला तेव्हा दोनच वर्षांचा, त्यामुळे त्याला चेहराही आठवत नव्हता. पण शाळेत 'लालड्याचं, कम्युनिस्टाचं पोर' म्हणून मार खातानाही तो मान खाली घालायचा नाही. बाबांनी मरताना एकाही साथीदाराचं नाव सांगितलं नाही, असं आईने त्याला सांगितलं होतं.

कासिल्दा जेवत नाही म्हणून बिल्बाओहून तिची मुलगी बेनिता आली. बेनिता सेहेचाळीस सालची. कासिल्दाचं पोट दिसू लागलं तेव्हा पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये पोटातल्या मुलाच्या बापाचं नाव विचारलं होतं. "वाटेवरचा एक कल्हईवाला," ती म्हणाली होती. बायकांनी तिच्या दारात खरकटं ओतलं. मार्सियाल लहानपणापासून आत्याकडे झोपायचा. ते का, हे आता कळलं, असं सगळे म्हणाले. बेनिता सोळाव्या वर्षी गाव सोडून धुणीभांडी करायला शहरात गेली.

"तू कशाला आलीस?" मार्सियालने विचारलं.

"आईला भरवायला. तुझं सूप प्यायला लागू नये म्हणूनच तिने उपास धरला असेल."

"थट्टा नको. आणि खंदकापाशी येऊ नकोस, बेनिता. ते माझे बाबा आहेत."

"माहीत आहे रे. जन्मापासून तेवढंच तर ऐकतेय."

तिला एकच हवं होतं. आईने डोळे मिटायच्या आत त्या माणसाचं नाव सांगावं.

"मी रागावणार नाही," दुपारी भरवताना ती आईला म्हणाली. "मीही म्हातारी झालेय. नाव तेवढं सांग."

"सूप गार होतंय," कासिल्दा म्हणाली.

बेनिता खंदकापाशी गेलीच. तिथे आइनोआ नावाची तरुण शास्त्रज्ञ नातेवाइकांच्या तोंडातली लाळ कापसाच्या काडीवर घेत होती. त्या लाळेवरून हाडांची ओळख पटणार होती.

"आणखी भावंडं?" तिने मार्सियालला विचारलं.

"नाही."

"आहे," मागून बेनिता म्हणाली. "आईकडून."

खुर्ची टाकून बसलेली शेजारीण फोर्तुनाता खुदकन हसली. "हिची लाळ घेऊन कल्हईवाला शोधणार की काय?"

आइनोआला त्यातलं काही कळलं नाही. "आईकडून आलेला भाग वेगळा काढायला उपयोग होईल," ती म्हणाली. "इथे भावाशेजारी बसा."

बेनिता बसली. मार्सियालने खुर्ची थोडी सरकवून घेतली.

निकाल नोव्हेंबरात आला. आइनोआ स्वतः घरी आली. मायलेकरं तिघंही स्वयंपाकघरात जेवत होती.

"फार वाईट वाटतंय," ती मार्सियालला म्हणाली. "खंदकातला एकही माणूस तुमचे वडील नाही."

"मग कुठे नेलं त्यांना?"

"ते मला नाही सांगता येणार. पण तुम्ही दोघं सावत्र आहात, हे कुणी सांगितलं? तुमचे आई-वडील एकच आहेत."

मार्सियाल हसला. "पोरी, तुझ्या नळ्यांची अदलाबदल झाली. ही सेहेचाळीसची. बाबांना छत्तीसमध्ये मारलं."

कासिल्दाने चमचा ताटलीत ठेवला.

"भट्टीमागे," ती म्हणाली. "पावाच्या भट्टीमागे जागा होती. एक माणूस आडवा होईल एवढी."

मग बेनिता हळूच म्हणाली, "मला वाटायचं, भट्टी गाते."

"तोच गायचा. तुला झोप लागेपर्यंत."

"आई, हुकूमशहा मेला त्यालाही तीस वर्षं झाली. तेव्हा तरी बोलायचंस. लोक मला काय काय म्हणत होते!"

कासिल्दाने मुलाकडे पाहिलं. "तुला बाप द्यायचा तर ह्याचा काढून घ्यावा लागला असता. ह्याच्याकडे दुसरं होतं काय?"

दुसऱ्या दिवशी मार्सियालने तिने दाखवलेल्या जागी, कोंबड्यांच्या खुराड्याखाली, स्वतः खणून बाबांची हाडं काढली. त्यानंतर तो आईशी बोलला नाही. कासिल्दा फेब्रुवारीत गेली. मार्सियालने आईबाबांना एकाच कबरीत ठेवलं, पण स्वतःला आत्याशेजारी पुरायला सांगून ठेवलं, आणि तीन वर्षांनी तसंच झालं. फोर्तुनाता कासिल्दाच्या अंत्ययात्रेला आली आणि मागच्या मागे निघून गेली. बेनिताने साठी उलटल्यावर एलादियोचं आडनाव लावून घेतलं. ती अजून बिल्बाओला असते.

एलादियो पन्नास सालच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला होता. डॉक्टरला बोलावण्याची सोय नव्हती. कासिल्दाने त्याला एकटीने पुरलं आणि सकाळी नेहमीसारखी सार्वजनिक नळावर पाण्याला गेली. विधवेचे काळे कपडे तिच्या अंगावर चौदा वर्षांपासून होतेच. ती खरोखरची विधवा झाली, ते कुणाला कळलंच नाही.